तूप नको म्हणाली लेक: व्हीगन घरातला रोजचा मराठी स्वयंपाक

जानेवारी उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. शब्द वेगवेगळे, गोष्ट तीच. मुलगी युनिव्हर्सिटीतून नाताळच्या सुट्टीला घरी आली आणि बॅग टेकवते न टेकवते तोच म्हणाली, "आई, मी आता व्हीगन आहे." आईने रात्री वरण-भात वाढला, सवयीने वर तुपाची धार सोडली, आणि ताट तसंच बाजूला सरकलं. पत्रात विचारलेलं असतं, "हिला आता रोज काय करून घालू?" त्याच्या मागचा प्रश्न लिहिलेला नसतो, पण ऐकू येतो. इतकी वर्षं जे तूप मायेने वाढलं, तेच नको म्हणजे काय?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी रेडिओवरून देऊ शकत नाही. पहिल्याचं देऊ शकते, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. खरी काळजी करण्यासारखी गोष्ट तिसरीच आहे, ती गाण्यानंतर सांगते. ती ऐकल्याशिवाय रेडिओ बंद करू नका.

आधी शब्दाचं बघू. आपल्या घरांत शाकाहारी म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीत. व्हीगन माणूस त्याच्या पुढे जाऊन दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधही सोडतो. हा शब्द जन्मला इथेच, ब्रिटनमध्ये. लेस्टरमध्ये राहणारे डोनाल्ड वॉटसन नावाचे सुतारकामाचे शिक्षक तिथल्या शाकाहारी संस्थेचे सचिव होते. त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच दूध न घेणाऱ्या काही मंडळींनी १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीगन सोसायटी काढली. 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं उचलून नाव तयार केलं. म्हणजे आज ज्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आपण मेथीच्या जुड्या आणि मिठाई घ्यायला जातो, त्याच गावातला हा शब्द. जानेवारीचा महिनाभर व्हीगन राहून बघण्याची 'व्हेगन्युअरी' मोहीमही इथलीच, २०१४ सालची. आपल्या मुलांना हे वारं कॉलेजात लागतं ते बहुधा याच महिन्यात.

आता एक काम करा. गेल्या आठवड्यात घरात काय काय शिजलं ते आठवा. कांदेपोहे झाले असतील. मटकीची उसळ, बटाट्याची सुकी भाजी, चिंचगुळाची आमटी, भरली वांगी, मुगाची खिचडी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. यांतल्या कशात दूध आहे? कशातच नाही. आपला रोजचा स्वयंपाक तेलाच्या फोडणीवर, डाळीवर, दाण्याच्या कुटावर आणि खोबऱ्यावर उभा आहे. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात क्रीम आणि पनीर काढलं तर मेनूकार्ड निम्मं रिकामं होईल. आपल्या ताटातून दूधदुभतं काढलं तर कडेच्या वाट्या हलतात, मधलं जेवण जागच्या जागी राहतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की दुकानात जाऊन व्हीगन चीज, व्हीगन सॉसेज, व्हीगन अमुकतमुक यांनी ट्रॉली भरू नका. महाग असतं, आणि दोन दिवसांनी मुलगीच म्हणते, "आई, उसळ कर ना."

दूध लपलेलं असतं ते ठरावीक जागी. पोळीवर तूप लावता तिथे. उपम्याचा रवा तुपात भाजता तिथे. शिऱ्यात. साबुदाण्याच्या खिचडीची फोडणी तुपाची असते तिथे. ती शेंगदाण्याच्या तेलात केली तर उपासाचा हा पदार्थ पूर्ण व्हीगन होतो, आणि भगर-दाण्याच्या आमटीचंही तसंच. काही घरांत पिठल्यात आणि पालकाच्या पातळ भाजीत ताक घालतात. पिठल्याला ताकाची गरज नाही. एक वाटी डाळीचं पीठ अडीच-तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, लसूण-मिरची-हिंगाच्या खमंग फोडणीत कांदा परतून त्यात ओता, आणि उतरवताना चिरलेली कोथिंबीर आणि दोन आमसुलं टाका. आंबटपणा येतो आणि रंगही बिघडत नाही. पालकाच्या पातळ भाजीला चिंचेचा कोळ, थोडा गूळ, भिजवलेले दाणे आणि हरभराडाळ. ताकाची आठवणही होत नाही.

कोशिंबीर म्हटली की हात दह्याकडे जातो. पण खमंग काकडीत दही कुठे असतं? कोचवलेली काकडी, दाण्याचा कूट, लिंबू, मीठ, साखर, वरून मिरचीची फोडणी. गाजराची, कोबीची, मुळ्याची कोशिंबीर अशीच होते. कढीच्या जागी सोलकढी आहेच, आमसुलं आणि नारळाचं दूध. आणि टोमॅटोचं सार नारळाच्या दुधातलं. मालवणी घरांना तर हा कार्यक्रम ऐकायची गरजच नाही: काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, सोलकढी, सगळं आधीच नारळावर चाललेलं असतं. (मासळी सोडावी लागेल, ते दुःख वेगळं. त्याला माझ्याकडे उपाय नाही.)

दहीभात ज्यांना लागतोच त्यांच्यासाठी सोयाचं दही. घेताना एक चूक सगळेच करतात. डब्यावर 'प्लेन' लिहिलंय म्हणून उचलतात आणि घरी येऊन बघतात तर गोड, वर व्हॅनिलाचा वास. 'अनस्वीटन्ड' असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. घरीही लागतं. ज्यात फक्त सोयाबीन आणि पाणी आहे असं दूध बोट सोसेल इतकं कोमट करा, त्यात चमचाभर जिवंत विरजण असलेलं सोयाचं दही घाला, आणि ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावून रात्रभर तिथे ठेवा. इथल्या थंडीत ओट्यावर ठेवलेलं दही लागणार नाही, गायीचंही लागत नाही. या दह्याची कढी करायची तर डाळीचं पीठ नीट घोटून लावा आणि मंद आचेवर ढवळत राहा, रटरटा उकळलंत की फुटते.

चहा. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. आपण दूध, पाणी, आलं, पावडर एकत्र उकळतो. सोयाचं दूध तसं उकळलं की फाटतं, ओटचं दूध फार उकळलं की चिकट होतं. पद्धत बदला. पाणी, आलं, वेलची आणि चहापावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त, हे खळखळून उकळू द्या. वेगळ्या भांड्यात ओटचं दूध गरम करा, उकळू नका. गॅस बंद करून दोन्ही एकत्र करा. 'बरिस्ता' लिहिलेलं ओटचं दूध जरा दाट असतं, चहाला ते बरं. अमृततुल्य म्हणणार नाही मी, पण थंडीत संध्याकाळी चार वाजता अंधार पडल्यावर दोन्ही हातांत धरायला चांगला लागतो.

आणि तूप? तुपाला पर्याय नाही, आणि मी तो असल्याचं सोंग करणार नाही. दुकानात 'व्हीगन घी' मिळतं. वरण-भातावर घालून बघा आणि स्वतः ठरवा. मला विचाराल तर तुपाची नक्कल करण्यापेक्षा ते नसलेलं जेवण वाढावं. विदर्भ-मराठवाड्यात झुणका-भाकरीवर, ठेच्यावर, चटणीवर कच्चं तेल घेतात, करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं, ती काही तुपाची उणीव भरून काढायची खटपट नव्हे, ती स्वतंत्र चव आहे. साध्या वरणाऐवजी फोडणीचं वरण करा, लिंबू पिळा. भातावर मेतकूट आणि कच्चं तेल. मेतकूट-भात तुपाशिवाय अपुरा वाटेल त्यांना वाटू दे, तरुण मंडळी आनंदाने खातात.

इथल्या भाज्यांचंही बोलायला हवं, कारण दर आठवड्याला भेंडी आणि दुधी शोधत भारतीय दुकानापर्यंत जाणं सगळ्यांना जमत नाही. केल म्हणजे ती कुरळ्या पानांची भाजी, बारीक चिरून पीठ पेरून करा. मेथीइतकी कडू नाही, पण तेल आणि लसूण भरपूर घातलं की झकास होते. लीकची पीठ पेरून भाजी पातीच्या कांद्याच्या भाजीला अगदी जवळची. ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे शेवटी बोटभर कोबीच, चार तुकडे करून मोहरी, हिंग, हळद आणि भिजवलेली हरभराडाळ घालून परतायचे, पाण्यात उकडून त्यांचा जीव घ्यायचा नाही. आणि या दिवसांत वेकफील्डच्या आसपास अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेला गुलाबी रुबार्ब बाजारात येतो. इंग्रज त्याचं गोड करतात. आंबट देठ आहेत ते, अंबाडीसारखे वापरा. तूरडाळ, मूठभर तांदळाची कणी आणि दाणे शिजवून घ्या, त्यात रुबार्बचे चिरलेले देठ शिजू द्या, घोटा, आणि वर लसणीची लाल फोडणी. भाकरी आणि कच्च्या तेलाबरोबर खाऊन बघा. फक्त देठच घ्यायचे हं, पानं विषारी असतात. ती टाकून द्या.

कडधान्यांना मोड आणायचा त्रास इथे सगळ्यांना होतो. बारा तास भिजवलेली मटकी फडक्यात बांधून ज्यांच्याकडे गरम पाण्याच्या टाकीचं एअरिंग कबर्ड आहे त्यांनी तिथे ठेवावी. नव्या बॉयलरवाल्यांनी पुन्हा ओव्हनचा दिवा. हिवाळ्यात दीड-दोन दिवस लागतात, मध्ये एकदा पाणी शिंपडा. आणि नाहीच जमलं तर डब्यातले काळे हरभरे, चवळी किंवा फ्रीझरमधले हिरवे वाटाणे यांची उसळ करायला कसली लाज? कामावरून सात वाजता घरी आलेल्या माणसाचं जेवण आहे ते.

(इथे गाणं)

परत स्वागत, मंडळी. आता ती गोष्ट.

व्हीगन सोसायटी निघाली १९४४ मध्ये, आणि बी १२ हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये. म्हणजे पहिले व्हीगन लोक निघाले तेव्हा आपल्या जेवणात नेमकं काय कमी पडणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. बी १२ जंतू तयार करतात, आणि माणसाच्या जेवणात ते येतं मांस, मासे, अंडी आणि दुधातून. भाजीत, डाळीत, धान्यात ते नाही. मोड आलेल्या कडधान्यात नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठात भरवशाचं नाही, स्पिरुलिनाच्या गोळीतही नाही.

इंग्रज शेजारीण व्हीगन झाली, तर तिच्या यकृतात आयुष्यभर खाल्लेल्या मांसाचा काही वर्षं पुरेल इतका बी १२ चा साठा असतो. आपल्या पिढीजात शाकाहारी घरातल्या मुलीकडे तो साठा असेलच असं नाही. हे मी अंदाजाने बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पुरुषांची रक्तं तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत बी १२ कमी सापडलं, आणि हे दूध पिणारे लोक होते. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास १९९३ पासून सुरू झाला, त्यात ज्या आयांमध्ये बी १२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांच्या शरीरात पुढे इन्शुलिन नीट काम करत नसल्याचं जास्त आढळलं. म्हणजे आपल्याकडे घडा आधीच अर्धा आहे. त्यात रोज चहातून, दह्यातून जे थेंब पडत होते तेही थांबले, तर?

तर पायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन चुरचुरते, दम लागतो, विसरायला होतं, उदास वाटतं. हे सगळं इतकं हळूहळू होतं की आपण म्हणतो अभ्यासाचा ताण असेल, थंडीमुळे असेल. आपल्या जेवणात डाळी-पालेभाज्यांतून फोलेट भरपूर येतं, त्यामुळे रक्त बराच काळ ठीक दिसू शकतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. वेळेवर लक्षात आलं नाही तर ते नुकसान कायमचंही राहू शकतं. गूळ-शेंगदाण्याने हे भरून निघत नाही, आणि आजीच्या काढ्यानेही नाही.

उपाय मात्र स्वस्त आहे. इथल्या सरकारी शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम बी १२ लागतं. गोळीतलं सगळं अंगी लागत नाही म्हणून व्हीगन सोसायटी सांगते, की रोज किमान १० मायक्रोग्रॅमची एक गोळी घ्या, किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅम. नाहीतर बी १२ घातलेले पदार्थ दिवसातून दोन-तीनदा खाऊन किमान ३ मायक्रोग्रॅम भरा. सोया-ओटच्या बऱ्याच दुधांत, काही सीरियलमध्ये आणि मार्माइटमध्ये ते घातलेलं असतं. मार्माइट आवडणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे, पण आमटीत अर्धा चमचा घातला तर कोणाला कळत नाही. गोळीची बाटली औषधाच्या कपाटात ठेवू नका. मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहील. आणि ज्यांना वरची लक्षणं आहेत, त्यांनी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

दुसरं आयोडीन. भारतात हे मिठातून येतं, म्हणून आपण त्याचा कधी विचारच करत नाही. इथल्या सुपरमार्केटमधल्या नेहमीच्या मिठात ते घातलेलं नसतं. इथल्या लोकांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः दुधातून आणि मासळीतून. दूध सोडलं आणि मीठ इथलं, की दोन्ही दारं बंद. भारतीय दुकानातून मीठ आणता तेव्हा पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का बघा. सैंधवात ते नसतं, कितीही गुलाबी असलं तरी. म्हणून जेवणात मीठ वाढवू नका, आहे तेवढंच मीठ आयोडीनचं वापरा, किंवा ज्यात बी १२ आणि आयोडीन दोन्ही आहे अशी एकच गोळी घ्या. समुद्री शेवाळाच्या केल्पच्या गोळ्यांत मात्र आयोडीन गरजेपेक्षा फार जास्त असू शकतं, त्या टाळा.

ड जीवनसत्त्व व्हीगन असो वा नसो, आपल्या सगळ्यांनाच. एनएचएस ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी विचारात घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. बरंचसं डी ३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, मुलगी ते नको म्हणेल. लायकेनपासून केलेलंही मिळतं.

कॅल्शियमसाठी आपल्या हाताशी बरंच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम लागतं. कॅल्शियम घातलेल्या सोया किंवा ओटच्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम असतं, गायीच्या दुधाइतकंच; पण ऑरगॅनिक लिहिलेलं असेल तर बहुधा काहीच घातलेलं नसतं. मुलीचं भलं करायचं म्हणून आपण महागडा ऑरगॅनिक डबा उचलतो आणि नेमकं तिथेच फसतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या एका भाकरीत १७० च्या पुढे. कॅल्शियम घालून गोठवलेला टोफू, त्याची कांदा-टोमॅटो-हळद घालून केलेली भुर्जी सकाळच्या घाईत दहा मिनिटांत होते. आणि एक गंमत: ब्रिटनमध्ये पांढऱ्या आणि तपकिरी पिठात कॅल्शियम मिसळायचा कायदाच आहे, संपूर्ण कोंड्याच्या पिठाला त्यातून सूट आहे. तुमच्या चपातीच्या 'मीडियम' पिठाच्या पिशवीवर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं दिसेल. पालकात कॅल्शियम असतं पण ते अंगी फारसं लागत नाही, केल त्या बाबतीत उजवी.

लोहासाठी जेवणात लिंबू पिळायची आपली सवय सोन्यासारखी आहे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह नीट शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय मात्र त्याच्या उलट काम करते, तासभर थांबा. आणि ओमेगा-३ साठी जवसाची चटणी. भाजलेले जवस, लसूण, तिखट, मीठ, कुटून बरणीत. रोज चमचाभर पानात डावीकडे. हेल्थ फूडच्या दुकानात त्याच जवसाला फ्लॅक्ससीड म्हणतात आणि तिप्पट पैसे घेतात.

डब्याचं थोडक्यात. इथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाणे आणायला बंदी आहे, म्हणजे दाण्याचा कूट घातलेली भाजी, चिक्की, चटणी सगळंच बाद. मग सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांचा कूट करा, भाजीत फरक कळत नाही. तीळही काही जणांना बाधतात, शाळेला विचारून मगच. मुगाची घावनं, थालीपीठ, मटकी भरलेली पोळीची गुंडाळी, हे थंडही बरं लागतं. घरातली लहान मुलंही व्हीगन ठेवायची असतील तर ती सगळी मोठ्यांची गणितं त्यांना लावू नका, हेल्थ व्हिजिटर किंवा डॉक्टरांशी बोला. एक वर्षानंतर कॅल्शियम घातलेलं, साखर नसलेलं सोया किंवा ओटचं दूध चालतं, पण पाच वर्षांखालच्या मुलांना दूध म्हणून तांदळाचं दूध देऊ नका, त्यात आर्सेनिक येतं. अख्खे दाणेही पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात, कूट चालतो.

दुकानात वाचायचं काय? पाकिटावरच्या घटकांच्या यादीत दूध आणि अंडं ठळक अक्षरांत द्यावंच लागतं, तो इथला नियम. यादीवर नजर फिरवली की पाच सेकंदांत कळतं. भारतातून आलेल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र पुरेसा नाही. तो शाकाहाराचा, आणि त्यात दूध बसतं. चहाबरोबरच्या आपल्या लहानपणच्या ग्लुकोज बिस्किटांतही दूध असतं. विकतच्या नानमध्ये पुष्कळदा दही किंवा दूध, फ्रोझन पराठ्यांचं मात्र बघून ठरवा. मध ठळक अक्षरांत नसतो, तो शोधावा लागतो. आणि ज्यांना दुधाची खरी ॲलर्जी आहे त्यांनी 'व्हीगन' शब्दावर विसंबू नये. तो दुधाचा अंशही नाही याची हमी देत नाही.

राहिली आजी. उन्हाळ्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी येते, आणि येताना घरचं कढवलेलं तूप आणायची तिची तयारी असते. तिला आधीच सांगा, भारतातून सामानात दूधदुभत्याचे पदार्थ आणायला इथे परवानगी नाही, पेढेसुद्धा विमानतळावर काढून घेऊ शकतात. तिला गांधीजींची गोष्टही सांगा. त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे भारतात मोठं आजारपण आलं, डॉक्टर दूध घ्या म्हणत होते, हे ऐकत नव्हते. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? आणि त्यांनी शेळीचं दूध घेतलं. पुढे स्वतःच लिहिलं, की ही तडजोड मनाला टोचत राहिली. म्हणजे घरातली ही वादावादी शंभर वर्षांहून जुनी आहे.

आजीला स्वयंपाकघरात पाहुणी करून बसवू नका, तिलाच विचारा, "तुमच्या लहानपणी दुभतं नसेल तेव्हा काय करायचात?" बहुतेक घरांत रोज तूप नव्हतंच. ती सांगेल उकडशेंगोळे, कुळथाचं पिठलं, वरणफळं, लाल भोपळ्याचे घारगे, नारळाच्या दुधातल्या गोड शेवया. संक्रांत तोंडावर आहे, तिळगुळाच्या लाडवात दूध नसतंच. गणपतीत उकडीचे मोदकही तसेच, वर तूप घालायचं की नाही एवढाच प्रश्न. होळीला तेलपोळी करा, तेलावर लाटलेली पुरणपोळी ही काही आजची युक्ती नाही, जुनी पद्धत आहे. बरोबर कटाची आमटी, आणि कोकणातल्या काही घरांत घेतात तसं वेलदोडा घातलेलं नारळाचं दूध. तुपाची वाटी टेबलावर राहू द्या. नातीच्या पानात तेलपोळी नारळाच्या दुधात बुडलेली, आजीच्या पानात तीच पोळी, वर तुपाची धार. पोळपाट एकच, पुरण एकच.